मागचं

बाटलीच्या झाकणालाच काचेची नळी असते. नळीवर रेघ. रेघेपर्यंत औषध ओढायचं, टाळूवर सोडायचं, बोटांनी पसरायचं, आणि उशीवर डोकं ठेवायच्या आत वाळू द्यायचं.

गोल आरसा. लाकडी मूठ. मुठीवर अंगठ्याच्या जागी पडलेला खळगा.

"दोन नंबरच्या काउंटरवर कोण टकलू उभाय? बघा रे त्याच्याकडे कोणीतरी."

कवटी उघडायची असेल तर आधी डोकं भादरतात. लागेल तेवढंच. भादरणारा मशीन वापरतो आणि कोणाशी बोलत नाही.

'मागचं' म्हणजे पाठीमागचं, आणि 'मागचं' म्हणजे होऊन गेलेलं. एकाच शब्दाला दोन्हीकडे राबावं लागतं.

"आरसा? फुटला."

*

आता हे सगळं एका धाग्यात ओवायचं, तर सुरुवात झुलप्यापासून करावी लागेल.

झुलप्या हे त्याचं शाळेतलं नाव. कपाळावर केसांचं असं दाट झुलूप यायचं की फळा वाचायचा तर आधी मान झटकावी लागे. शाळा सुटली, मिशी आली, चष्म्यांच्या दुकानात नोकरी लागली, तरी झुलूप आणि नाव दोन्ही टिकली. दिवसभर तो लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवायचा, त्यांच्यापुढे आरसा धरायचा, आणि गिऱ्हाईक स्वतःला न्याहाळून निघालं की तोच आरसा हळूच आपल्याकडे वळवून झुलूप नीट करायचा.

त्याच्या बाबांचं सलून होतं. खुर्च्या दोन, माणूस एक. दुसऱ्या खुर्चीत जुनी वर्तमानपत्रं बसलेली असत. बाबांची स्वतःची टाळू चकचकीत, कानांवरून मागे फिरलेली केसांची झालर तेवढी उरलेली. त्यावरून गिऱ्हाइकं टपली मारत: "स्वतःचं शेत करपलं आणि चालले दुसऱ्याची कापणी करायला!" बाबा हवेत कात्री वाजवून म्हणत, "हलू नका, कान जाईल."

केस कापून झाले, मान झटकून झाली, पावडर लागली, की बाबा खुंटीवरचा हातआरसा काढायचे, गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे धरायचे आणि म्हणायचे, "बघा मागचं." समोरच्या आरशात हातआरसा, हातआरशात मान. गिऱ्हाईक डोकं हलवून होकार देई. नकार देऊन तरी काय करणार, कापलेले केस काय डिंकाने चिकटवणार? पण बाबांचा हट्ट. "कापतात सगळेच. मी दाखवल्याशिवाय उठवत नाही."

मग एके दिवशी आरसा खुंटीवर नव्हता.

"फुटला," बाबा म्हणाले.

"मग नवा घ्या की," गिऱ्हाईक म्हणालं.

"घेतो, घेतो."

दोन वर्षं ते 'घेतो'च म्हणत राहिले. जुनी गिऱ्हाइकं कुरकुरली, एकदोन तुटलीसुद्धा. झुलप्या दर महिन्याला त्याच खुर्चीत बसत होता आणि त्याला कधी काही खटकलं नाही. त्याला पुढचं दिसत होतं, आणि पुढचं झकास होतं.

*

चष्म्यांच्या दुकानात कॅमेरे बसवले. चित्र दिसायचा पडदा गल्ल्याच्या वर टांगला. पहिल्याच सकाळी झुलप्या खाली मान घालून फ्रेमा पुसत पुसत आपल्या काउंटरवरून पुढे सरकला होता. सहज वर पाहिलं, तर पडद्यावर दोन नंबरच्या काउंटरशी एक माणूस पाठमोरा उभा. डोक्याच्या मध्यावर बशीएवढी जागा उघडी पडलेली. खांदे तरुण, अंगात चांगला इस्त्रीचा शर्ट.

"दोन नंबरच्या काउंटरवर कोण टकलू उभाय? बघा रे त्याच्याकडे कोणीतरी," झुलप्या म्हणाला. वर हळहळलासुद्धा. "बिचारा. वय काही फार नाही वाटत."

आतल्या खोलीतून काचवाला बाहेर आला. हा काचा घासून फ्रेमांत बसवायचा आणि दुकानात कोणाचीही फिरकी घ्यायचा. त्याने पडद्याकडे पाहिलं. मग झुलप्याकडे.

"झुलप्या, हात वर कर."

"का?"

"कर तर."

झुलप्याने हात वर केला. पडद्यावरच्या माणसाने हात वर केला.

"घ्या! भर सकाळी चांदोबा उगवला की!" काचवाला फिस्सकन हसला. मग झुलप्याचं तोंड बघून त्याचं हसू जागच्या जागी वाळलं. "अरे... मला वाटलं तुला माहितीये. आम्हा सगळ्यांनाच माहितीये."

झुलप्याचा हात अजून वरच होता.

"तुझे बाबाच कापतात ना केस?" काचवाल्याने विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

*

दवाखान्याच्या बाकावर टोप्या घातलेली पोरं रांगेने बसली होती. बाहेर कडक ऊन, आत पंखा, तरी एकाचीही टोपी निघत नव्हती.

डॉक्टरबाईंनी भिंगातून त्याची टाळू पाहिली, दोन बोटांत केस धरून हळूच ओढले आणि खुर्चीत मागे टेकल्या. "हे बघ. लावायचं औषध आहे. रोज लावायचं, निम्मं वर्ष तरी धीर धरायचा. पहिले काही आठवडे जास्तच गळतील, तेव्हा घाबरून बाटली फेकायची नाही. गोळी आहे. ती सगळ्यांनाच मानवते असं नाही. कोणाची इच्छा मंदावते, कोणाला उदास वाटतं. तसं झालं तर लाजत बसायचं नाही, इकडे यायचं. तुझ्याच रक्तातला भाग काढून टाळूत टोचतात, त्याचा काहींना गुण येतो, काहींना नाही. आणि मागचे केस काढून रिकाम्या जागी लावायची शस्त्रक्रिया आहे, पण ती आत्ता नको. आधी गळती थांबू दे. नाहीतर लावलेले राहतील, शेजारचे जातील, आणि मधे एक बेट दिसेल."

"आणि काहीच नाही केलं तर?"

"तोही मार्गच आहे. मशीन फिरवायची आणि ताठ मानेने हिंडायचं. आमच्या ह्यांनी तेच केलं. पंचवीस वर्षं मी तेच डोकं बघतेय, काही बिघडलं नाही."

तो हसला नाही. "पहिल्यासारखे येतील?"

"आहेत ते राखायचं मुख्य काम. बारीक झालेले थोडे जाड होतील. पण जिथे साफ गुळगुळीत झालंय तिथे औषधाला धरायलाच काही उरत नाही." त्यांनी कागद पुढे ओढला. "वर्ष-दोन वर्षं आधी यायला हवं होतंस. घरात कोणाच्या लक्षात आलं नाही?"

"माझे केस बाबाच कापतात."

"घरी?"

"सलून आहे त्यांचं."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. "बरं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा लिहू लागल्या.

ते 'बरं' झुलप्याला थेट सलूनपर्यंत ढकलत घेऊन गेलं.

*

खुर्चीत निवृत्त पोस्टमन होते, अर्ध्या गालाला साबण.

"आरसा कुठाय?" झुलप्याने दारातूनच विचारलं.

"फुटला ना," बाबा म्हणाले. वस्तरा गालावरच.

"तुम्हाला दिसत होतं."

बाबांनी वस्तरा उचलला. पुसला. "दिसत होतं."

"दोन वर्षं?"

"तेवढी असतील."

"आणि एका शब्दाने सांगितलं नाहीत? सगळ्या गावाला दिसतंय, काचवाल्याला दिसतंय, एक मीच तेवढा शहाणा, झुलपं उडवत फिरतोय!"

"अरे, माझे गेले. तुझ्या आजोबांचे गेले. मला वाटलं, कळायचं तेव्हा कळेलच. तोवर कशाला जीव जाळायचा पोराचा? त्याला कुठे औषध असतं?"

"असतं! पण वेळेवर लावलं तर!"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. "असतं?" ते इतक्या हळू म्हणाले की पोस्टमनांनी साबणाच्या तोंडाने वळून पाहिलं. "आपल्याकडे सगळे तेलंच सांगतात रे. मला वाटलं, सगळी फसवणूकच असते."

"तुमच्या हाताखाली पुन्हा डोकं देणार नाही मी."

हे बोलून झुलप्या पायऱ्या उतरला. मागे पोस्टमन म्हणत होते, "जाऊ द्या हो, पोरं बोलतात." त्यावर बाबा काय म्हणाले ते त्याला ऐकू आलं नाही. उरलेला गाल मात्र त्यांनी नीट केला असणार. त्यांच्या हातून कधी कोणाला ओरखडा आला नव्हता.

*

त्यानंतर घरात आईचा टपालखात्यासारखा उपयोग होऊ लागला.

"विचार त्याला, ते औषध डोळ्यांत तर उतरत नाही ना."

"सांग त्यांना, नाही उतरत."

"सांग त्याला, वाळल्याशिवाय झोपू नको म्हणावं."

"माहितीये म्हणावं."

"एकाच खोलीत बसलाय की रे दोघं!" आई वैतागायची. "माझं तोंड म्हणजे काय नळकांडं आहे?"

झुलप्या केस कापायला बाजारातल्या काचेच्या सलूनमध्ये जाऊ लागला. तिथे कापणाऱ्या मुलीने पहिल्याच दिवशी त्याचे केस कंगव्याने उलटसुलट केले आणि विचारलं, "आधी कोणाकडे जात होता?"

"का?"

"फार जपून कापलंय. बाजूचे मुद्दाम लांब ठेवून वर असे वळवलेत की जागा झाकली जावी. एवढा वेळ कोणी घालवत नाही." तिने कात्री उचलली. "ठेवू तसंच, की काढू?"

त्याने हात मागे नेऊन ती जागा चाचपली. मग म्हणाला, "काढा."

हे त्याने घरी सांगितलं नाही. सांगायचं, उद्या सांगायचं, असं करत राहिला. एकदा काचवाल्याने बातमी आणली: त्याचा भाचा बाबांकडे गेला होता, तर बाबांनी कात्री खाली ठेवून त्याला ठणकावलं, "मागचे विरळ होतायत. आजच्या आज डॉक्टरकडे जा. माझ्यासारखा थांबू नकोस." भाचा रागावून निम्म्यातच उठून गेला होता. झुलप्या त्याही दिवशी सलूनवरून पुढे गेला. आत वळला नाही. दुसरी खुर्ची वर्तमानपत्रांनी भरलेली होती. पहिली रिकामी होती.

*

बाबांच्या हातातून कात्री पडली. आधी एकदा, मग रोज. मग कंगवासुद्धा धरवेना. तपासण्या झाल्या, डोक्यात गाठ निघाली, ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी डाव्या हाताने डोकं चाचपलं. एका बाजूची झालर भादरलेली, दुसरी तशीच.

"हे असं अर्धवट काम कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

किती दिवसांनी ते थेट झुलप्याशी बोलले होते.

घरी आल्यावरही त्यांचा उजवा हात मांडीवर कोणीतरी विसरून गेल्यासारखा पडून असायचा. "ते तेवढं सारखं कर रे," ते एका सकाळी म्हणाले. "लाज वाटते."

कात्री आणायला झुलप्या सलूनमध्ये गेला. धूळ बसली होती. कात्री सापडली, कंगवा सापडला, ॲप्रन काढायला खालचा खण ओढला, तर तळाशी लहान मुलाचा ॲप्रन गुंडाळून ठेवलेला. त्याचाच, फळीवर बसून केस कापून घ्यायच्या वयातला. तो उलगडला. आत हातआरसा. गोल, लाकडी मुठीचा, कुठे चरासुद्धा नाही.

तो दुसऱ्या खुर्चीतली वर्तमानपत्रं बाजूला करून थोडा वेळ तिथे बसला.

मग पिशवीत सगळं भरलं आणि घरी आला.

बाबांना स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं. समोर आईचा आरसा भिंतीला टेकवला. झुलप्याला कापता येत नव्हतं, पण लहानपणापासून बघितलेलं होतं. बाबा तोंडाने शिकवत होते. "कंगवा आधी. घाई नको. कान जाईल." दोघांनाही हसू आलं. आई दारात उभी राहून उगाच पदराने हात पुसत होती.

मागच्या बाजूला टाक्यांची वाकडी रेघ होती. रेघेखाली फुगवटा. गाठ परत आली होती. आता तिथे हात घालण्यात अर्थ नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी फक्त झुलप्याला आणि आईला सांगितलं होतं.

त्याने मान झटकली. पावडर लावली.

"मागचं दाखव," बाबा म्हणाले.

पिशवी स्टुलाखालीच होती. मुठीचं टोक बाहेर आलं होतं.

"आरसा फुटला, बाबा."

समोरच्या आरशातून बाबा त्याच्याकडे बघत राहिले.

"फुटला?" ते म्हणाले. "बरं. नवा घे."

"घेतो, घेतो."

"तुझं कसंय मागचं?"

डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, गळती थांबली आहे, नवीन मात्र काही नाही. झुलप्या वाकला आणि डोकं पुढे केलं. "भरतंय हळूहळू."

बाबांनी डावा हात त्याच्या टाळूवर ठेवला. बोटं त्या गुळगुळीत जागेच्या कडेकडेने पूर्ण एक फेरी फिरली.

"हो," ते म्हणाले. "भरतंय."

ते त्याच महिन्यात गेले. औषधाची बाटली झुलप्याने सोडली नाही. केस आहेत तेवढे आहेत.

बाबांनी आरसा खणात लपवला होता त्या दिवशी खुर्चीत शेवटचं गिऱ्हाईक झुलप्याच होता. त्याने समोर बघून झुलूप मागे सारलं, "झकास, बाबा," म्हणाला, आणि शिट्टी वाजवत बाहेर पडला.