पहिल्या प्रतीचा नमुना

सासऱ्यांनी डबी ट्यूबलाइटखाली धरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि आतला ऐवज आधी एका अंगाने, मग दुसऱ्या अंगाने न्याहाळला. छत्तीस वर्षं गिरणीत त्यांनी कापडाची थानं अशीच उजेडावर धरून तपासली होती. धागा तुटलेला दिसला की खडूची फुली, तीन फुल्या झाल्या की थान नापास. निवृत्त होऊन चौतीस वर्षं झाली होती. खडू सुटला होता, फुल्या मारणं सुटलं नव्हतं.

"हे पाठवायचं नाही," ते म्हणाले.

सून हातमोजे घालून न्हाणीघराच्या दारात उभी होती. सदुसष्टाव्या वर्षी तिचे गुडघे दुखत होते आणि आठ वाजता बर्फाची पेटी घेऊन माणूस येणार होता.

"का, मामंजी?"

"रंग बघ. काळपट. आणि हे असं पेन्सिलीसारखं बारीक. दोन महिने झाले, असंच चाललंय. असला माल घराबाहेर जाता कामा नये."

प्रकरण असं होतं की, एक संशोधन संस्था नव्वदी ओलांडलेल्या माणसांच्या आतड्यांतले जीवाणू तपासत होती. आठवड्यापूर्वी एक तरुण संशोधिका घरी येऊन सगळं समजावून गेली होती. प्रत्येकाच्या पोटात म्हणे अब्जावधी जीव नांदत असतात. ते कोणत्या जातीचे आहेत, एकमेकांशी गुण्यागोविंदाने राहतात की नाही, यावर माणूस कसा म्हातारा होईल हे बरंचसं ठरत असावं, असा संस्थेचा कयास होता. सासरे चौऱ्याण्णव वर्षांचे, स्वतःच्या पायांनी चालणारे आणि दुसऱ्याला उभं करून बोलणारे. संस्थेला असाच माणूस हवा होता. तुलनेसाठी त्याच स्वयंपाकघरात जेवणारं, पण रक्ताचं नातं नसलेलं कोणीतरी हवं होतं. घरात तसं माणूस एकच होतं. म्हणून दोन डब्या आल्या होत्या. निळ्या झाकणाची सासऱ्यांची, पांढऱ्याची सुनेची.

आपण परीक्षेला बसलो आहोत, एवढंच सासऱ्यांनी त्यातून घेतलं होतं.

"तुझी दाखव," ते म्हणाले.

त्रेचाळीस वर्षांच्या संसारात सासऱ्यांनी तिच्या पोळपाटापासून अक्षरापर्यंत सगळं तपासलं होतं. एवढंच राहिलं होतं. तिने डबी आणून दाखवली. त्यांनी ती उजेडावर धरली, बराच वेळ पाहिली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्या कुठल्या गोष्टीला नाव ठेवलं नाही.

"ही निळ्यात भर. माझी पांढऱ्यात."

"पण तुमच्या नावावर माझं कसं जाईल?"

"खाल्लंय कुणाच्या घरात?"

या प्रश्नाला घरात आजवर कोणीच उत्तर दिलं नव्हतं. दारावरची घंटा वाजली. तिने माल इकडचा तिकडे केला, झाकणं लावली आणि हात कोपरापर्यंत धुतले.

तसं पाहिलं तर घरात सासरे, सून आणि तिचा नवरा या तिघांसाठी एकच स्वयंपाक होत असे, पण सासरे आणि सून एकच जेवत नसत. सासऱ्यांसाठी ती रोज पालेभाजी शिजवायची, डाळ मऊ करायची, दही लावायची आणि ते ताटात वाढून घ्यायचे, कारण वाढून घेणं हा त्यांचा हक्क होता. मग दोन घास खाऊन ताट बाजूला सारायचे आणि उशाखालच्या डब्यातली बिस्किटं खायचे. भाजी, डाळ आणि दही टाकवत नाही म्हणून सून संपवायची. त्रेचाळीस वर्षं तिने सासऱ्यांचं पथ्य काटेकोरपणे पाळलं होतं.

तीन आठवड्यांनी संशोधिका अहवाल घेऊन आली, तेव्हा सगळे जेवणाच्या टेबलाशी बसले होते. सासऱ्यांपुढे लापशी होती. संशोधिकेचा चेहरा एका डोळ्याने हसणारा आणि दुसऱ्याने चिंता करणारा असा झाला होता. तिने हसणारी बाजू आधी उरकली. आजोबांचे जीवाणू चाळिशीच्या माणसाला लाजवतील असे आहेत, इतक्या जाती इतक्या सलोख्याने नांदताना संस्थेने आजवर पाहिल्या नव्हत्या, संस्थेच्या दर्शनी दालनात आजोबांचा मोठा फोटो लावायचं ठरलंय. नवऱ्याने वडिलांच्या पाठीवर हात ठेवला. सासरे म्हणाले की त्यांना यात नवल वाटत नाही. आणि खरोखरच त्यांच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. सून टक लावून पाहत होती. डब्या कुणी बदलायला लावल्या हे ते विसरले नव्हते. त्या गोष्टीला त्यांनी फक्त बाहेर बसवून ठेवलं होतं.

मग संशोधिका म्हणाली की काकूंशी जरा एकांतात बोलायचं आहे. नवऱ्याने सांगितलं की आमच्या घरात लपवाछपवी नसते, इथेच बोला.

"काकूंच्या नमुन्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त आहे," संशोधिका हळू म्हणाली. "आणि असे काही जीवाणू आहेत जे बहुतेक वेळा आतड्यात गाठ असेल तिथे गोळा होतात. नक्की काही सांगता येत नाही. पण आठवड्याच्या आत दुर्बिणीची तपासणी करा. वेळेत सापडलं तर एका ऑपरेशनवर भागतं."

सासऱ्यांचा चमचा वाटी आणि तोंडाच्या मध्ये थांबला.

सुनेला जे कळलं तेच त्यांनाही कळलं होतं. तिने त्यांच्याकडे पाहिलं. चौऱ्याण्णव वर्षांचा माणूस, मान बारीक झालेली, चमच्यातून लापशी ठिबकत होती. तिला दया आली, अगदी खरी दया आली. "अहो, त्या डब्या..." तिने सुरुवात केली.

"पण मग बाबांच्या जेवणाचं कसं करायचं?" नवऱ्याने विचारलं.

त्याने ते तिला विचारलं नव्हतं. संशोधिकेला विचारलं होतं. बाबांच्या आहारात काडीचाही बदल करू नका, असं तिनेच मघाशी सांगितलं होतं ना? आता ही दवाखान्यात पडली तर दही कोण लावणार? धाकटी भावजय येईल, पण तिचं दही बुळबुळीत होतं, सगळ्यांना माहीत आहे. मग तो बायकोकडे वळला आणि फार समजूतदारपणे म्हणाला, "असं कर. तू आहेस तोवर सगळं एका वहीत लिहून ठेव. विरजण किती, किती वाजता, सगळं."

संशोधिका कागद चाळू लागली. चमचा तोंडात गेला.

"तिच्या माहेरची सगळीच पोटाने कच्ची," सासरे लापशी गिळून म्हणाले. "लग्नाच्या वेळीच मी बोललो होतो."

सुनेने अर्धं राहिलेलं वाक्य मिटून घेतलं आणि सगळ्यांना चहा विचारला.

तिसऱ्या दिवशी दुपारी सासरे स्वयंपाकघरात आले. तिथे ते कधी येत नसत. हवं ते ओरडून मागवत. नवरा आत झोपला होता. सून वहीत विरजणाचं प्रमाण लिहीत होती.

"तपासणीला कधी जातेस?"

"नाही जात."

"जायला पाहिजे. औषधं देतील."

"मला देतील, मामंजी."

"तू घरी आण."

"आधी दुर्बीण घालून बघणार आहेत. ती घरी नाही आणता येत."

सासरे ओट्याला टेकून उभे राहिले. पोटावर डाव्या बाजूला त्यांचा हात होता. तो तिथे अलीकडे पुष्कळदा असे. सुनेने पेन खाली ठेवलं.

"फोन करा तुम्ही," ती म्हणाली. "सांगा, डब्या बदलल्या होत्या. नंबर फ्रीजवर चिकटवलाय. मोठ्या अक्षरात लिहिलाय, चष्म्याशिवाय दिसेल."

त्यांनी फ्रीजकडे पाहिलं. त्या नंबरशेजारीच संस्थेचं पत्र लावलेलं होतं. फोटोसाठी गडद रंगाचा कोट घालावा, अशी विनंती त्यात होती. दोन्ही कागद त्यांनी वाचले.

"कोटाला इस्त्री कर," ते म्हणाले आणि गेले.

फोटोच्या दिवशी संस्थेत गर्दी होती. पांढऱ्या कोटातली मंडळी सासऱ्यांभोवती जमली होती आणि ते सगळ्यांना दह्याचं महत्त्व सांगत होते. काटेकोर जेवण, ते म्हणत होते, आणि जिभेवर ताबा. दोघीतिघी लिहून घेत होत्या. संशोधिकेने सुनेला कोपऱ्यातल्या टेबलापाशी नेलं. गेल्या पंधरा दिवसांत तिने चार वेळा फोन केला होता. आजही ती गयावया करत होती. पोरीचे डोळे भरून आले होते आणि सुनेला तिच्यापुरतं वाईट वाटलं.

"माझ्यासाठी कोणी इतकं मागे लागलं नव्हतं," सून म्हणाली. "पण नको. वय झालं."

मागोमाग आलेला नवरा म्हणाला की हा तिचा निर्णय आहे, आम्ही कुणावर जबरदस्ती करत नाही.

तेव्हा संशोधिकेने नाइलाजाने एक कागद काढला. नमुन्यात गंभीर आजाराची चिन्हं आहेत हे मला समजावून सांगितलं आहे, उशीर झाल्यास जिवाला धोका आहे हेही सांगितलं आहे, तरी मी स्वखुशीने तपासणी नाकारत आहे. सुनेने खाली सही केली. त्याखाली आणखी एक रेघ होती. घरातल्या एका जाणत्या माणसाची, साक्षीदार म्हणून.

नवरा खिशात चष्मा शोधू लागला.

"तुम्ही राहू द्या," सून म्हणाली. "मामंजींची घ्या. त्यांना सगळं माहीत आहे."

कागद त्यांच्यापुढे गेला. फोटोग्राफर दिव्याची उंची कमी-जास्त करत थांबला. सासऱ्यांनी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. शेवटी पोचले, पुन्हा वर गेले. मग त्यांनी मान उचलून सुनेकडे पाहिलं. ती समोरच, हातांची घडी घालून, वाट पाहत उभी होती. तिला अजिबात घाई नव्हती.

"तारीख आजची घालायची?" त्यांनी विचारलं.

"हो, आजोबा."

त्यांनी तारीख घातली आणि संपूर्ण नावानिशी सही केली, शेवटच्या अक्षराला गिरणीतल्यासारखा झोकदार फराटा ओढून. संशोधिकेने डोळे पुसत कागद नवऱ्यापुढे धरला.

"बघा ना," ती म्हणाली. "या वयात हात जरासुद्धा कापत नाही."

सुनेने कागद तिच्याकडून घेतला, शाई वाळली का ते बोटाने पाहिलं आणि घडी न घालता परत दिला.