जयेशच्या दुकानातले चाळीस पेशंट

क्षितिजाला मी सगळ्यांसमोर झाडत होते, आणि खोटं कशाला बोलू, झाडायला मला आवडतंही.

"तोंड दिलंय ना देवाने? मग विचारायचं ना कोणाला तरी. हे इंदूर आहे, बेटा. एकाला विचार, चार जण घरापर्यंत सोडायला येतात."

ती खाली मान घालून उभी होती. अकोल्याहून येऊन तिला जेमतेम दीड महिना झाला होता. आमच्या लॅबमध्ये घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेणारे आम्ही सहा जण. त्यात ती सगळ्यांत नवी आणि मी सगळ्यांत जुनी. एकवीस वर्षं मी सकाळी साडेसहापासून राजवाड्यामागच्या गल्ल्यांमध्ये सुया टोचत फिरते आहे. तिथल्या म्हाताऱ्यांचे पत्ते मला कधी लक्षात ठेवावे लागले नाहीत. कोणाची शीर डाव्या हाताला सापडते, कोणाला सुई पाहून घेरी येते, कोणाचं कुत्रं नुसतंच भुंकतं, हे सगळं मला पाठ आहे. सुट्टी मी घेत नाही. आदल्या दिवशी, रविवारी तेवढी घेतली होती, बेटम्याला भाचीचा साखरपुडा होता म्हणून, आणि नेमका तेव्हाच घोटाळा झाला.

नानांची उपाशीपोटीची शुगर सात वाजता काढायची होती. नाना ब्याऐंशी वर्षांचे, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. माझ्या जागी क्षितिजाला पाठवलं होतं. ती फोनमधला नकाशा बघत गेली, अर्धा तास फिरली, दोनदा फोन केला, तो नानांच्या आतल्या खोलीत वाजून गेला. शेवटी 'पेशंट सापडला नाही' असं लिहून ती परत आली. इकडे नाना उपाशीच. बेबीकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, काहीतरी खाऊन घ्या म्हणून मागे लागल्या होत्या. पण नानांचा हट्ट असा, की शोभनाने, म्हणजे मी, सांगितलंय माणूस येईल, म्हणजे येईलच. नऊ वाजता सवयीने शुगरची गोळी मात्र घेतली. साडेदहाला न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. भुवईवर तीन टाके पडले.

माझ्या शब्दावर विसंबून माणूस पडला, याचाच मला जास्त राग आला होता. तो मी क्षितिजावर काढत होते.

आमचा मॅनेजर यशवर्धन पुण्याचा. वयाने माझ्या मुलाएवढा आणि बोलायला गोड. त्याने मला थांबवलं आणि गोड आवाजातच सांगितलं, की तक्रार वरपर्यंत गेली आहे, क्षितिजाला या महिन्यानंतर ठेवता येणार नाही.  नोकरी गेली तर तिला अकोल्याला परत जावं लागणार होतं, आणि तिथे घरचे तिचं लग्न उरकायला टपून बसले आहेत, हे तिनेच मला एकदा सांगितलं होतं.

तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. "सर, नकाशाने जिथे नेलं तिथेच मी गेले होते. तिथे पोह्यांचं दुकान आहे."

दोघे-तिघे हसले. यशवर्धनने मात्र लगेच भिंतीवरचा मोठा पडदा लावला. फोनचे नकाशे वर्षभर थोडे थोडे सुधारत होते. आधी विजयनगर झालं, मग पलासिया, आणि मागच्या महिन्यात आमच्या जुन्या शहराची पाळी आली. आता त्यात हातभर रुंदीचे बोळ दिसत होते, पायऱ्या दिसत होत्या, घराचं दार कोणत्या बाजूला आहे तेही दिसत होतं. त्यावर लॅबने आपले पेशंट निळ्या ठिपक्यांनी मांडले होते. विजयनगरात ठिपके नीट घरोघरी बसले होते. राजवाड्यामागे मात्र सगळे एका जागी गोळा झाले होते, गुळाच्या खड्याला मुंग्या लागाव्यात तसे.

यशवर्धनने मोजले. "शोभनाताई, इथे आपले चाळीस पेशंट राहतात का?"

ते जयेशचं दुकान होतं. आणि बघताक्षणी मला कळलं. माझी स्कूटर तिथे लागते. पुढे गल्ली निमुळती होते, म्हणून सगळे तिथेच गाड्या लावतात आणि जयेश पोहे देता देता लक्ष ठेवतो. पेशंटच्या दाराशी गेलं की फोनमध्ये 'पोहोचले' हे बटण दाबायचं, असं गेल्या वर्षी शिकवलं होतं. मी गाडी स्टँडवर लावली की दाबून मोकळी होत असे. एका हातात पेटी, दुसऱ्या हाताने अंधाऱ्या जिन्याचा कठडा धरायचा, मग वर जाऊन फोन कुठे काढत बसायचं? मला वाटायचं, बटण म्हणजे नुसती हजेरी आहे. नकाशाला वाटलं, हेच त्या माणसाचं दार. मी वर्षभर चाळीस म्हातारे जयेशच्या कढईपाशी नेऊन बसवले होते.

माझ्याशिवाय हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. यशवर्धन म्हणाला, जुन्या भागाची माहिती अजून कच्ची असेल, मी वर कळवतो, पण क्षितिजाने चौकशी करायलाच हवी होती. तिथेच विषय संपत होता. नकाशाला काही तोंड नाही, आणि क्षितिजा आपलं परत उघडणार नव्हती. मी गप्प राहिले असते तर कोणाला काही कळलं नसतं.  एकवीस वर्षं ज्या गोष्टीचा तोरा मिरवला, तीच गोष्ट पडद्यावर चारचौघांत उघडी पडली होती. पण चोर सोडून संन्याशाला फाशी मला बघवत नाही, मग चोर मी का असेना.

"गलती माझी आहे," मी म्हणाले. "मी दारात जाऊन बटण दाबलंच नाही कधी. गाडी लावली की दाबायची. हिची काही गलती नाही. आणि आत्ता मी हिला जे बोलली ना, ते परत घेते."

यशवर्धनने पडद्यावरचे चाळीसही ठिपके निवडून त्यांवर खूण केली. मग म्हणाला, की असं असेल तर क्षितिजाचा प्रश्न मिटला, तो वरती तसं लिहील. मात्र पहिल्या तारखेपासून कामं फोनच वाटणार होता, जो जवळ असेल त्याला. त्याआधी ती चाळीस दारं नीट झाली पाहिजेत. मी करते म्हटलं. दारं नीट झाली की त्या गल्ल्यांमध्ये कोणीही जाऊ शकेल आणि मग माझीच तिथे गरज अशी उरणार नाही, हेही मला तिथल्या तिथे कळलं होतं. तरी मी करते म्हटलं.

दुसऱ्या दिवशी क्षितिजाला बरोबर घेतलं. स्कूटर लावताना जयेशला सगळं सांगितलं, तर तो कढईत झारा फिरवत म्हणाला, "तरीच. रोज तुम्हारी लैब का रिपोर्टवाला आके पूछता है, दीदी, फलाने जी किधर रहते हैं. मी म्हटलं, लोकांना झालंय काय."

मग दोन दिवस आम्ही दार न् दार फिरलो. मी रस्ता दाखवायची, क्षितिजा उंबऱ्याशी उभी राहून ठिपका बसवायची. एका ठिकाणी ती म्हणाली, ताई, नकाशात इथून पायऱ्या दाखवतायत. मी म्हटलं, काहीतरीच. जाऊन पाहिलं तर खरंच पायऱ्या होत्या आणि दोन मिनिटांत आम्ही पलीकडच्या बोळात. एकवीस वर्षं मी त्या घराला पूर्ण वळसा घालून जात होते. नकाशाचं हे मला मनापासून आवडलं. शिकवतो, पण झाडत नाही.

एका दाराला कुलूप होतं. तिथल्या आजी मे महिन्यातच गेल्या होत्या. तो ठिपका क्षितिजाला काढू दिला नाही, मीच काढला. तिथे थोडं रडू आलं.

नानांचं घर मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, तिसऱ्या दिवशी सकाळी सातला. त्यांच्या भुवईवर पट्टी होती आणि डोळ्याखाली जांभळं झालं होतं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, माझी गलती कुठे झाली तेही. 

"मी पस्तीस वर्षं पोरांना चित्रकला शिकवली," नाना म्हणाले. "सगळी घर काढायची, झाड काढायची, सूर्य काढायची, आणि दार विसरायची. तू पण त्यांच्यातलीच निघाली."

हसताना टाके दुखले असावेत, हात कपाळाला गेला. मी माफी मागायला लागले, तर म्हणाले, बस झालं आता, रविवारी राहिलेली शुगर घेऊन टाक, अजून काही खाल्लं नाहीये.

मी पेटी उघडली. सुई काढली. आणि मग ती क्षितिजाच्या हातात दिली.

नानांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला. डावा, मी म्हणाले, आणि मागे सरकले. पहिल्याच टोचणीला शीर लागली. हात हलका होता मुलीचा. तेवढ्यात नानांनी तिला अकोल्यात कुठे राहता, वडील काय करतात, तिथली थंडी कशी असते, सगळं विचारून घेतलं.

"शोभना, तू उभी का? बस ना," बेबीकाकू म्हणाल्या आणि त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

त्या घरात मी कधी बसले नव्हते. नेहमी पुढची सहा घरं उपाशी माझी वाट बघत असायची. आज पुढे घर नव्हतं. मी बसले. काकूंनी पाहुण्यांसाठीच्या कपबशीत चहा आणला.

बाही खाली करता करता नानांनी विचारलं, "आता परत कधी येशील?"

"सोमवारी, सातला" हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्यांनी क्षितिजाला विचारलं होतं, म्हणून मी चहा प्यायले.