मंडळीकडे पाठ

सुवार्ताला स्वतःला फारसं गाता येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आवाज बारीक, वरच्या पट्टीत गेला की चिरकायचा. पण दुसऱ्यांकडून गाऊन घ्यावं तर तिनंच. नगरातल्या मिशनच्या शाळेत ती मुलींना संगीत शिकवायची आणि रविवारी चर्चमध्ये गायनमंडळासमोर उभी राहायची. समोर कोण? दवाखान्यातल्या नर्सा, दोन-तीन शाळामास्तर, एस.टी.च्या वर्कशॉपमधला एक फिटर, बाजारात भाजी विकणाऱ्या जावा-जावा. यातल्या निम्म्यांना एकमेकांचं तोंड बघायचं नसायचं. पण सुवार्तानं हात वर केला की सगळ्यांचा श्वास एकदम आत जायचा, आणि वेगवेगळ्या सुरांतलं ते गाणं असं उठायचं की मागच्या बाकांवर पेंगणारे म्हातारेही सावरून बसायचे.

बहात्तर साली मिशनच्या अमेरिकन मिससाहेब कायमच्या मायदेशी परत निघाल्या. सुवार्ताला हे सगळं त्यांनीच शिकवलेलं. जाण्याआधी त्यांनी आपल्या गावच्या कॉलेजात शब्द टाकला. तिथं गायनवृंदाच्या संचालनाची एम.ए. करता येत होती. नगरच्या मंडळीतल्या, म्हणजे या चर्चच्या सभासदांतल्या, एका पदवीधराला दोन वर्षं तिथं शिकायला मिळणार, राहणं-जेवण कॉलेजकडे. अट एकच : नाव चर्चच्या पंचांनी कळवायचं, कारण परत येऊन त्या माणसानं मंडळीचंच काम करायचं. सुवार्ता बी.ए. होतीच; मिससाहेबांना वाटलं, नाव तर ठरलेलंच आहे. उभा जन्म नगरात काढूनही त्या बाईला पंच म्हणजे काय चीज असते ते कळलं नव्हतं.

"एम.ए. कशामंदी म्हनलीस?" पंचांच्या बैठकीत त्यांचे प्रमुख आप्पासाहेब यांनी विचारलं. ते दुष्काळी कामांवर खडीची कंत्राटं घ्यायचे, त्यामुळे त्या साली त्यांच्या शब्दाला अंमळ जास्तच वजन होतं.

"कंडक्टिंगमध्ये."

"तिकिटं फाडायला अमेरिका कशाला? तारकपूरच्या एस.टी. स्टँडवर शिकवत्यात की."

सगळे पंच हसले. सुवार्ताही हसली. त्या हसण्याचा पुढं तिला फार राग आला.

"आमचं म्हननं येवढंच हाय," आप्पासाहेब गंभीर झाले, "भर उपासनेत बाईमानूस मंडळीकडं पाठ करून उभं राहातं. वडीलधारी मागं बसल्यात, आन् ही पाठ फिरवून हात नाचवतीय. वर गड्यामानसांच्या डोळ्यांत डोळं घालून. मिससाहेबांकडं बघून आजपोत्तर गप बसलो."

"पण माझं तोंड मंडळीकडे असलं तर गाणाऱ्यांना माझे हात कसे दिसतील?"

"म्हंजी तुजं हात दिसल्याबिगर त्यांना गाता येत न्हाई? मंग शिकवलंस काय इतकी वर्सं?"

गाढवाला गुळाची चव काय, असं तिच्या तोंडावर आलं होतं, पण नाव पाठवायचं या गाढवांच्याच हातात होतं. चर्चचे पाळकसाहेब मऊ माणूस. त्यांनी तोडगा काढला. पुढच्या रविवारी पंचांनी गाणं लक्ष देऊन ऐकायचं आणि मग ठरवायचं. बाहेर आल्यावर ते तिला हळूच म्हणाले, "तेवढं ते पाठीचं काहीतरी बघ, बेटा."

तिनं बघितलं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायची अक्कल कुणाकडून उसनी आणावी लागत नाही. घरात धाकटा भाऊ होता, सूर्यभान. तिसऱ्या वर्गात बी.ए. झालेला, वर्षभर घरी बसलेला, उंच, देखणा. गायनमंडळात मागच्या रांगेत नुसतं तोंड हलवायचा.

"तू फक्त समोर उभा राहा," ती म्हणाली. "मी बाजूला पेटीवर बसते. हात तुझे असू देत, गाणं मी बघते."

"अक्का, मला काय येतंय त्यातलं?"

"यायला कशाला पाहिजे?"

गायनमंडळाला तिनं सांगून ठेवलं, सूर्यभानच्या हाताकडे बघायचंच नाही, माझ्या हनुवटीकडे बघा. हनुवटी उचलली की श्वास, खाली आली की सूर. हे गायनमंडळ कुणी उभं केलं ते अख्ख्या नगरला ठाऊक आहे, तेव्हा पंच नाव तर आपलंच पाठवतील, अशी तिची खात्री होती.

रविवारी सूर्यभाननं मागून आणलेला कोट घातला, मंडळीकडे ऐटीत पाठ केली आणि हात उचलले. बाजूला जमिनीवर पेटीशी बसलेल्या सुवार्तानं हनुवटी उचलली. इतकं चांगलं ते याआधी कधी गायले नव्हते. आप्पासाहेबांनी डोळे पुसले.

उपासना संपल्यावर पंच आतल्या खोलीत गेले आणि लगेच बाहेर आले. नाव सूर्यभानचं.

"पण ते माझ्याकडे बघून गात होते!" सुवार्ता जवळजवळ ओरडलीच. "त्याच्या हाताकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. विचारा त्यांना!"

कुणी विचारलं नाही. गायनमंडळ दारातच उभं होतं, पण एकानंही तोंड उघडलं नाही. दवाखाना काय, शाळा काय, सगळं मिशनचंच; पंचांशी वाकडं घेऊन कोण सुखानं नोकरी करणार होतं? ती भावाकडे वळली. "सांग ना रे."

सूर्यभान बुटांकडे बघत राहिला. "अक्का, आता पंचांनी ठरवलंच आहे तर..."

"पेटी झकास वाजीवलीस पोरी," आप्पासाहेब म्हणाले. "पर भावाचं चांगलं झालेलं बघवंना व्हय?"

घरी आई, झुंबरबाई, चुलीपुढं रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. "पंचांचं काय चुकलं?" ती म्हणाली. "तू शिकून यायची आन् लगीन करून कोपरगावला न्हाईतर बेलापूरला जायाची. त्यो हितंच राहनार. आयशीला सांबाळनार."

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो आपल्या घरातच दूध पिऊन वाढला, हे सुवार्ताला गिळता येईना. त्यात तो नागोबा रोज संध्याकाळी समोर येऊन बसायचा. "अक्का, तीनच्या तालाला हात कसा फिरवायचा, तेवढं दाखव ना." ती दाखवायची. का दाखवत होती, देव जाणे. आई बघत असायची म्हणून असेल. हात मात्र त्याचा सुरेख फिरायला लागला. याचा तिला अभिमान वाटायचा आणि मग स्वतःचीच शिसारी यायची.

निघायच्या दिवशी सगळी मंडळी हार घेऊन स्टेशनवर लोटली. दौंडकडे जाणारी गाडी उभी होती. "गायनमंडळाचं येक हून जाऊ द्या," आप्पासाहेबांनी फर्मावलं. फलाटावर रांगा लागल्या. गळ्यात हार घातलेल्या सूर्यभाननं हात उचलला, अगदी तिनं शिकवला तसा. आणि सगळ्या गायनमंडळानं त्याच्या खांद्यावरून मागं, आईशेजारी उभ्या असलेल्या सुवार्ताकडे बघितलं.

तिनं नुसती हनुवटी उचलायची होती. तिनं मान खाली घातली.

कुणी श्वास घेतला नाही. सूर्यभानचा हात खाली आला, पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला. चिडीचूप. त्याच्या कानशिलावरून घाम निथळत होता. त्या रविवारनंतर पहिल्यांदा सुवार्ताच्या जिवाला थंडावा मिळाला. बघा म्हणावं आता, चांगले डोळे फाडून बघा. आणि त्याच वेळी, तिच्याही नकळत, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

आप्पासाहेबांनी खिशातून रुमाल काढला. "बगा पाळकसाहेब," ते भरल्या आवाजात म्हणाले, "पोराच्या मायेपायी समद्यांचं गळं दाटलं. सूर फुटंना येकाच्या बी तोंडातनं. ह्याला म्हंत्यात मानूस जोडनं!"

भाजीवाल्या जावांनी पदर डोळ्यांना लावले. फिटरनं नाक शिंकरलं. मग अख्खी मंडळीच रडायला लागली. सूर्यभाननं वर राहिलेला हात अलगद छातीवर आणला, सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि गाडीत चढला. गाडी सुटली.

लोक सुवार्ताकडे बघत होते. बहिणीचं काळीज असंच असतं, असं कुणीतरी म्हणालं, आणि झुंबरबाईनं तिला सगळ्यांदेखत कुशीत घेतलं.