डावीकडचा डोंगर

मासेमारी बंद असते तेव्हा वसईच्या आमच्या पाचूबंदरला कुणाच्या हाताला काम नसतं. म्हणून दर जुलैत आम्ही बस करून डोंगर बघायला जातो. यंदा जव्हार ठरलं. वाटेत वज्रेश्वरी, मग घाट, राजवाडा, हनुमान पॉइंट. सगळं छान होतं. फक्त माझ्या बापाच्या शेजारी माझ्या बहिणीचा नवरा केनी बसला होता आणि माझ्या अंगाची लाही होत होती.

आमच्या घराची एक निशाणी आहे. समुद्रात पाण्याखाली एक खडक आहे, तिथे घोळ मासळी लागते. अमुक एक डोंगर आणि चर्चचा मनोरा एका ओळीत आले की तो खडक सापडतो. कोणता डोंगर, ते घरातल्या एकालाच सांगायचं, ही रीत. बोटीवर जीपीएस आहे, पण पापाने ती जागा त्यात कधी भरू दिली नाही. यंत्र दुरुस्तीला गेलं तर दुकानदार शहाणा होईल म्हणे. मी जन्मभर त्याच बोटीच्या इंजिनापाशी खाली. वर येईपर्यंत जाळं पाण्यात पडलेलं असायचं. गेल्या वर्षी पापाचे गुडघे गेले आणि त्याने निशाणी सांगितली ती केनीला. सख्खा मुलगा मी, आणि सुकाणू जावयाच्या हातात! विचारलं तर म्हणाला, "लेस्टर, दोन पेग पोटात गेले की तू सगल्या बंदराला सांगशील." हे खोटं नाही, पण म्हणून काय झालं?

वसई सोडल्यापासून दोघांची डोकी एकत्र. पापा खिडकीबाहेर बोट दाखवी, केनी त्याच्या कानाशी लागे. मी तीन रांगा मागे, मान ताणून.

"सरळ बस ना, मान मोडेल," माझी बायको सालोमी म्हणाली.

मान मोडली तरी चालली असती. आणखी काही निशाण्या असतील त्याही त्यालाच देऊन टाकतोय म्हातारा, अशी माझी खात्री झाली होती.

राजवाड्याच्या पायऱ्यांवर केनीने पापाचा हात धरला. मी धावत जाऊन दुसरा धरला, तर पापाने झटकला. "मी चालतो रं. म्हातारा झालो का?" केनीचा हात मात्र तसाच राहिला. हनुमान पॉइंटला सगळे दरीचे फोटो काढत होते. केनी कठड्याशी उभा होता. तेव्हा माझ्या मनात जे आलं ते फादरला कन्फेशनमध्ये सांगायचं अजून बाकी आहे.

परतताना मी सरळ त्या दोघांच्या मागची सीट पकडली आणि टोपी तोंडावर ओढून झोपेचं सोंग घेतलं. वज्रेश्वरीच्या अलीकडे ढग उघडले आणि तुंगारेश्वरची रांग दिसू लागली.

"कोनता रं तो? डावीकडचा?" पापाने विचारलं.

"आपण मागून बघतोय, पापा. इथून उजवीकडचा, म्हणजे समुद्रातून डावीकडचा. त्याच्या पोटाशी मनोरा आला की इंजिन बंद."

मिळाली निशाणी! फुकटात मिळाली! आता बघतो केनीकडे, असं मी टोपीखाली म्हणत होतो.

पाच मिनिटं गेली. "केनी, कोनता तो? डावीकडचा?"

केनीने तेच उत्तर तेवढ्याच शांतपणे पुन्हा दिलं. थोड्या वेळाने तिसऱ्यांदा दिलं.

"सकाली पन इचारलं ना मी?"

"विचारलं तर विचारलं."

"लेस्टरला कलू देऊ नको," पापा हळूच म्हणाला. "मी इसरतो ते."

बस चहाला थांबली. केनी खाली उतरला. मी उठून त्याच्या जागेवर बसलो. पापाने लगेच पाठ ताठ केली, दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट ठेवले.

"काय बघतोस? डोंगर? मना सगले पाठ हायेत."

"माहीत आहे," मी म्हणालो.

ज्या निशाणीसाठी वर्षभर जळलो ती आता माझ्याकडे होती, आणि केनीचा हेवा सकाळपेक्षा दुप्पट वाटत होता. त्याच्याजवळ माझ्या बापाला विसरता येत होतं.

केनी चहाचे ग्लास घेऊन वर आला. मी उठलो. तो बसायच्या आधीच पापाची पाठ सैल झाली.