भाऊजींच्या मशीनची बॅटरी

बॅटरी गळली की बोर्ड मरतो, हे मी गिऱ्हाइकांना इतक्या वेळा ऐकवलंय की माझी बायको ते झोपेतसुद्धा म्हणून दाखवेल. नाण्यावर चालणाऱ्या जुन्या व्हिडिओ गेमच्या बोर्डावर, कोपऱ्यात, बोटाच्या पेराएवढी एक बॅटरी असते. मशीन बंद असताना सेटिंग लक्षात ठेवायचं, एवढंच तिचं काम. काही वर्षांनी ती पाझरायला लागते आणि तो रस बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खात सुटतो. वेळेवर बदला, असं मी नाकाने कांदे सोलत सगळ्यांना सांगतो. न ऐकलेला माणूस बोर्ड घेऊन आला की आधी त्याची बिनपाण्याने करतो, मग स्क्रू ड्रायव्हर हातात घेतो. आणि सख्ख्या बहिणीच्या घरातल्या मशीनची बॅटरी मी आठ वर्षं बघितली नव्हती.

ते मशीन भाऊजींचं, म्हणजे ताईच्या नवऱ्याचं. त्यांचं गेमचं दुकान होतं, अकरा मशीनचं. दुकान बंद झालं तेव्हा दहा विकली आणि विमानं पाडायच्या खेळाचं एक घरी आणलं. ताई म्हणायची, सवत आणली एकदाची. भाऊजी रोज सकाळी एक डाव खेळायचे आणि मग फडक्याने मशीन पुसायचे. घरात तिसरा त्यांचा मुलगा. सहा फूट उंच, म्हणून आम्हा सगळ्यांचा लंबू.

अडीच वर्षांपूर्वी भाऊजींच्या पाठीचं ऑपरेशन झालं. चार महिने आडवे. पलंगाला जागा हवी म्हणून लंबूने मशीन मागच्या खोलीत सरकवलं, जिथे कपडे वाळत घालतात. भाऊजी हिंडाफिरायला लागल्यावर त्यांनी ते चालू केलं, तर पडद्यावर विमानांऐवजी नुसती अक्षरांची गिचमिड. त्यांनी मला फोन लावला. माझ्यासमोर एक गिऱ्हाईक हुज्जत घालत होतं, डोकं तापलेलं. मी विचारलं, "ठेवलं कुठे होतं?" ते म्हणाले, "लंबूने ओल्या खोलीत टाकलं होतं." मी म्हणालो, "मग ओल लागली असणार. दुसरं काय होणार?" आणि फोन ठेवला. न बघता, न उघडता.

त्या संध्याकाळी बापलेकांत काय झालं ते मला ताईकडून कळलं. भाऊजी म्हणाले, "मी अंथरुणाला खिळलो, तर तुला माझी एक वस्तू सांभाळता आली नाही." लंबूने उलट उत्तर दिलं नाही, पण महिन्याभरात वेगळी खोली घेतली. तेव्हापासून बोलणं बंद. मशीनला भाऊजींनी कुणाला हात लावू दिला नाही, मलाही. राहू दे तसंच, म्हणायचे.

आता लंबूची बदली झाली, फार लांब. जाण्याआधी एकदा तरी पोराने घराचा उंबरा ओलांडावा म्हणून ताईने कंबर कसली. मंगळवारी भाऊजी फिरायला गेलेले बघून तिने मला बोलावलं आणि बोर्ड काढून न्यायला लावला. "हे चालू झालं की त्यांचा राग उतरेल," ती म्हणाली. "तू तेवढं कर."

दुकानात येऊन मी बोर्ड दिव्याखाली धरला. कोपऱ्यात हिरवट-निळा भुगा माजला होता. त्याच्या मधोमध बॅटरी, आणि तिच्यावर मार्करने लिहिलेली तारीख, माझ्या अक्षरात. आठ वर्षांपूर्वी मी घाईत होतो. न गळणारी आणायची तर बाजारात जावं लागलं असतं. खणात होती तीच ठोकून दिली. घरचंच तर काम. वर भाऊजींना म्हणालो होतो, "आता बघायलाच नको." ओलीने असं होत नाही. ओलीचा गंज सगळीकडे चढतो. हे बॅटरीपासून सुरू होऊन बॅटरीभोवतीच पसरलं होतं. या धंद्यात सहा महिने काढलेला कुणीही सांगेल.

मग मी जे केलं त्याची मला लाज वाटते. बॅटरी कापली, जुन्या बॅटऱ्यांच्या डब्यात टाकली आणि तो डबा त्याच दुपारी भंगारवाल्याला देऊन टाकला. एरवी तो डबा सहा-सहा महिने जागचा हलत नाही.

पुढचे चार दिवस मी असं काम केलं की काय सांगू. कापसाच्या काडीने व्हिनेगर लावायचं, फेस आला की पुसायचं, पुन्हा लावायचं. मग पाण्याने धुतलं, स्पिरिटने सुकवलं. सात रेषा तुटलेल्या निघाल्या. मल्टीमीटरची टोकं रेषेच्या दोन्ही बाजूंना टेकवायची आणि 'पी' वाजतंय का ऐकायचं. नाही वाजलं की तिथे केसासारखी तार सोल्डर करायची. एका चिपखालचं सॉकेट हिरवं पडलं होतं, ते बदललं. नवी बॅटरी बोर्डापासून लांब, वायरवर लटकवली. सगळ्या तारा बोर्डाच्या मागच्या अंगाने नेल्या. समोरून बघितलं तर इथे कधी काही झालं होतं, असं कुणी म्हटलं नसतं. मला मेल्याहून मेल्यासारखं वाटत होतं आणि हात मात्र कधी नव्हे इतके छान चालत होते.

रविवारी बोर्ड बसवायला गेलो. ताईने भाऊजींना कसंबसं राजी केलं होतं. ते तोंड फुगवून खुर्चीत बसले होते. बटण दाबलं, विमानं आली. भाऊजी उठले, पाठीला एक हात लावून उभ्याने खेळायला लागले. तिसऱ्या डावात चक्क हसले.

"तुझा हात म्हणजे हात आहे," ते म्हणाले. "पोराने मारलं, तू उठवलंस."

आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं. मी म्हणालो, "भाऊजी, ओलीने झालं नाही हे. मी बसवलेली बॅटरी गळली. चूक माझी आहे."

त्यांनी पडद्यावरून नजर काढली नाही. "मामा ना तू. भाच्याची बाजू घेणारच."

"बाजू घेत नाही. खरं तेच सांगतोय."

"दाखव मग, कुठे गळली ती."

मी मशीनचं मागचं दार उघडलं. बोर्ड लख्ख. ते चष्मा वर सारून वाकले, बघितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे रे. झालं ते झालं. मीही फार ताणलं. माफ केलं म्हणावं त्याला. ये म्हणावं जेवायला."

ताईने डोळे पुसत लगेच फोन लावला. मग मला स्वयंपाकघरात ओढलं. "माझा तुझ्यावर विश्वास आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "पण आता तोंडातून ब्र काढू नकोस. दोन वर्षांनी येतोय तो. त्याने नुसतं 'चुकलं' म्हणायचं, की हे संपलं."

"न केलेल्या गोष्टीबद्दल?"

"संपू दे रे," ताई म्हणाली.

तासभर कसाबसा काढला, मग मला तिथे बसवेना. पाय मोकळे करून येतो म्हणून निघालो, तर अर्ध्या जिन्यात लंबू. इस्त्रीचा शर्ट, हातात फळांची पिशवी, दोन-दोन पायऱ्या एकदम चढत होता.

"मामा, नीट झालं ना?"

"झालं."

"वाचलो बाबा." तो कठड्याला टेकला. "एक चादर तरी टाकायला हवी होती मी त्याच्यावर. तू फोनवर बाबांना ओलीचं म्हणालास ना, तेव्हाच कळलं, आपण माती खाल्ली. आता सरळ जाऊन माफी मागतो. काय बोलायचं ते पाठ करून आलोय."

ताईचं बोलणं कानात होतं. तरी मला राहवलं नाही. त्याच्यासाठी बोलतोय, असं तेव्हा वाटलं, बोललो माझ्यासाठीच. बॅटरी, तारीख, डबा, भंगारवाला, सगळं सांगून टाकलं.

त्याने पिशवी पायरीवर ठेवली. "बाबांना सांगितलंस?"

"सांगितलं. त्यांना पटत नाही. तुला माफ केलंय म्हणतात."

"माफ केलंय," तो म्हणाला. वरून विमानांचा आवाज येत होता. "मघाशी मी सहज म्हणालो असतो, मामा, की माझं चुकलं. मला तसंच वाटत होतं. आता कसं म्हणू?"

"आईसाठी म्हण," मी म्हणालो, आणि माझी मलाच शिसारी आली.

तो वळला आणि सावकाश, एकेक पायरी उतरत गेला. खालचं दार लागलं.

मी पिशवी उचलून वर आलो. ताई दारातच उभी होती. तिच्या मागे चार ताटं मांडलेली दिसत होती.

"त्याचा आवाज ऐकला मी. कुठे राहिला?"

"गेला. मी सांगितलं त्याला."

तिने पिशवी घेतली नाही. आतून भाऊजी विचारत होते, "आला का गं तो?"

ताई माझ्याकडे बघत राहिली. "तुला विचारलं होतं का कुणी?" ती म्हणाली.