स्थिर आकडा

कोपऱ्यातल्या पाण्याच्या कॅनमध्ये खुपसलेला तापमानाचा सेन्सर तिने उपसून काढला, पुसला आणि लसींच्या खोक्यांमधल्या त्याच्या मूळ जागी टांगला. दारावरचा आकडा आठवडाभर शहाण्या मुलासारखा एका जागी बसून होता. आता तो हलला. शून्याखाली उतरला, मग भराभर चढला आणि पुन्हा घसरला.

दवाखान्याच्या या शीतखोलीची देखभाल तिच्याकडे होती. वरच्या, गारवा देणाऱ्या कॉइलची अर्धी बाजू बर्फाने पांढरी झाली होती, अर्धी कोरडी ठणठणीत. गॅस सोडणारी झडप कॉइलच्या मानाने मोठी. उघडली की लोंढा, मिटली की कॉइल उपाशी. गारवा असा हेलकावे खात होता, आणि खाली तान्ह्या मुलांच्या लसी रचून ठेवलेल्या.

"सेन्सर कोणी हलवला?"

"मी," दारातून भावोजी म्हणाले. ताईचे यजमान, आणि इथले तिचे साहेब. "अलार्म वाजून वाजून लोकांचं डोकं उठत होतं. एवढं पाणी लवकर गार-गरम होत नाही. आकडा स्थिर राहतो."

"आकडा राहतो, लस नाही. गोठून वितळली तरी बाटली दिसते तशीच. आतलं औषध वाया गेलेलं असतं."

"नवी झडप येतेय. तोवर दमानं घे. तुझ्या नोकरीसाठी मी शब्द टाकला होता, विसरू नकोस."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात ताईचा फोन आला.

"संध्याकाळी नको येऊस गं. बाळ किरकिरतंय, सकाळी लस टोचून आणली."

"इथे तर आला नाहीत."

"पलीकडच्या दवाखान्यात नेलं यांनी. तुमच्याकडे गर्दी असते म्हणे."

तिने फोन ठेवला. भावोजी सेन्सर पुन्हा कॅनकडे नेत होते.

"पलीकडच्या लसीने बाळाला ताप आलाय का, भावोजी?"

त्यांचा हात थांबला.

ती तडक टोचणीच्या खोलीत गेली. तिथे एकच बाई होती, मांडीवर तान्हं घेऊन बसलेली. नर्सने सिरिंज भरायला घेतली होती.

"सिस्टर, ही लस देऊ नका. इथली कुठलीच नको. खराब झालीय."

नर्सने तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं. भावोजी उंबऱ्याशी येऊन उभे होते.

"अहो, पण माझ्या थोरलीला परवाच इथे टोचली," ती बाई म्हणाली. "ती चालेल ना?"

तिने बाजूला सरून भावोजींना वाट करून दिली.

"सांगा त्यांना," ती म्हणाली.