दुसरी फेरी भाग्यश्रीची

मला खिळ्यावरून काढू नका, इथूनच बोलतो. मी झारा, केडगावच्या सरूबाईंच्या घरचा. त्यांच्या भाग्यश्रीनं पहिल्या पगारातून मला दौंडच्या बाजारात घेतलं. भज्या-पुऱ्यांचा मान मिळेल म्हणून मी खुशीत होतो. पण माझ्या नशिबी आलं उकळतं पाणी आणि फ्लॉवर!

सरूबाई लोकांच्या रानात फ्लॉवर काढायला जातात. हल्ली तिथं ब्रोकोलीही लावतात. बारके, वाकडे गड्डे बाजारात चालत नाहीत, ते बायांच्या वाट्याला येतात. पहिल्यांदा ब्रोकोली आणली तेव्हा सरूबाईंनी ती तासभर शिजवली, पार लगदा केला आणि "हिरवा फ्लॉवर नासका निघाला" म्हणून फेकून दिली. मला फार हसू आलं होतं.

भाग्यश्री त्यांची एकुलती पोर. नवऱ्यामागं मजुरी करून सरूबाईंनी तिला शिकवलं. कुरकुंभच्या एका कंपनीत ती शिफ्टला जायची, तिथंच खोली घेऊन राहायची. सुट्टीला घरी आली की मायलेकी तुरे सोडवून मिठाच्या उकळत्या पाण्यात टाकायच्या. दोन-तीन मिनिटांत मी ते उचलून गार पाण्यात सोडायचो. मग निथळून पिशव्या भरायच्या, फ्रीजरमध्ये ठेवायच्या. जाताना पोरगी त्या खोलीवर न्यायची आणि शिफ्टवरून दमून आली की एक पिशवी परतून जेवायची.

सरूबाईंना घड्याळ कळत नाही. त्यांनी आपलं माप काढलं, त्रिसरण-पंचशीलाचं. ब्रोकोली त्रिसरण संपेपर्यंत, फ्लॉवर पाचव्या शीलापर्यंत.

"आई, मोबाइलात टायमर हाय की!"

"आसू दे. चांगलं म्हणायला येळ कशाला बघायचा?"

बुद्धाला, धम्माला, संघाला शरण जायचं, अशा त्रिसरणाच्या तीन फेऱ्या. पहिली सरूबाई म्हणत, दुसरी भाग्यश्री, तिसरी दोघी मिळून. तिसरी संपली की मी पाण्यात. एकदाही तुरा जास्त शिजला नाही.

गेल्या पावसाळ्यात भाग्यश्रीला डेंगू झाला. चौथ्या दिवशी ती गेली. तिच्या मागं झालेल्या पुण्यानुमोदनाला अंगणात सारी वस्ती तेच शब्द म्हणत होती. सरूबाईंचे ओठ मात्र हलले नाहीत. भिंतीवरून बघताना मला फार वाईट वाटलं.

मग चार महिने मी खिळ्यावरच. शेवटच्या सुट्टीला भाग्यश्री दोन पिशव्या न्यायला विसरली होती, त्या अजून फ्रीजरमध्ये आहेत. सरूबाई दार उघडतात, बघतात आणि लावून टाकतात. चहा-बिस्किटावर दिवस काढतात. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्यात.

परवा शेजारच्या गीताबाई ब्रोकोलीचा गड्डा घेऊन आल्या.

"आक्का, कायतरी खा. आसं कसं व्हायचं तुझं?"

त्या गेल्यावर सरूबाईंनी पाणी ठेवलं. अर्धे तुरे त्यात सोडले आणि मला हातात घेतलं. किती दिवसांनी तो खरखरीत हात! पहिली फेरी त्यांनी म्हटली. मग मला पाण्यावर धरून उभ्या राहिल्या.

पाणी खदखदत होतं. हिरवेगार तुरे मळकट व्हायला लागले. मला दिसत होतं, पण झाऱ्याला आपणहून पाण्यात उतरता येत नाही. पुन्हा लगदा झाला. या वेळी मला हसू आलं नाही. सरूबाईंनी गॅस बंद केला आणि पातेल्याकडं बघत म्हणाल्या, "भागे, म्हण की गं."

काल पुन्हा तसंच झालं. आता चारच तुरे उरलेत आणि गॅसवर पाणी ठेवलंय.

तुम्ही आमच्या दारावरून जात असाल तर एवढं करा. पहिली फेरी संपून घर गप्प झालं, की पुढं जाऊ नका. उंबऱ्यात उभं राहून दुसरी तुम्ही म्हणा. आवाज तिचा नसला तरी चालेल. तिसरीला सरूबाई सोबत येतील, मला ठाऊक आहे. तेवढं झालं, की तुरे हिरवे आहेत तोवर मी उचलतो.